हिरवळ, पेव्हर ब्लॉक आणि टँकर

पावसाळा जवळ आला की या सदराकडे गवताविषयी दोन-चार पत्रे येतातच. या वेळी त्यांची संख्या इतकी भरली की इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून हे सदर संपूर्ण हिरवळीला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत इमारतींच्या मधोमध सुमारे ४०० चौरस मीटरची हिरवळ आहे. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, म्हणून ती काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे येणार आहे. विरोध करणारे सभासद ‘लॉन आपल्याला प्राणवायू देते’ असे सांगतात. हिरवळीचा पर्यावरणाला खरोखर काही उपयोग असतो, की ती केवळ शोभेची बाब आहे?
— एक सभासद, बाणेर, पुणे

उत्तर : उपयोग निश्चित असतो, परंतु आपले सभासद सांगतात तो नव्हे. प्राणवायूचा मुद्दा सभेत न मांडलेलाच बरा, कारण एखाद्या जाणकाराने तो खोडून काढला तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडेही कोणी लक्ष देणार नाही. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे आणि ते आपल्या अंगणातील गवताने वाढत वा घटत नाही. गवत दिवसा जो प्राणवायू सोडते त्यातील काही भाग ते स्वतःच श्वसनासाठी वापरते, आणि कापलेली पाती कुजताना उरलेलाही बहुतेक परत खर्च होतो. शहरात टंचाई प्राणवायूची नसते. ती असते पाणी मुरवणाऱ्या जमिनीची आणि गारव्याची. हिरवळीचा उपयोग या दोन ठिकाणी आहे.

प्रथम पाणी मुरण्याचे पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर आपल्या ४०० चौरस मीटरवर दोन लाख ऐंशी हजार लिटर पाणी पडते. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी जिरते असे विक्रेते सांगतात. ते अगदीच खोटे नाही, पण ब्लॉकखालचा थर धुम्मस करून घट्ट बसवलेला असतो आणि फटी दोन-तीन पावसाळ्यांत बारीक मातीने बुजून जातात, त्यामुळे बहुतेक पाणी गटाराची वाट धरते. गवतावर मात्र थेंबाचा मारा आधी पात्यांवर बसतो, वाहणारे पाणी खोडांच्या दाटीत अडखळते, आणि मुळांनी व गांडुळांनी केलेल्या बारीक पोकळ्यांतून ते खाली उतरते. यात एक अट आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. नव्या सोसायट्यांमध्ये अनेकदा बांधकामाचा राडारोडा पसरून त्यावर वीतभर लाल माती टाकलेली असते आणि तिच्यावर गवताचे गालिचे अंथरलेले असतात. अशी हिरवळ दिसते हिरवी, पण पाण्याच्या दृष्टीने तिच्यात आणि फरशीत फारसा फरक उरत नाही. सभेपूर्वी दोन-तीन ठिकाणी पहारीने हातभर खड्डा घेऊन त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे. ते किती वेळात जिरते यावरून कोणत्याही भाषणापेक्षा अधिक कळेल.

आता गारवा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता शोषली जाते; विजेच्या भाषेत सांगायचे तर पाऊण युनिटला थोडी कमी. एप्रिल महिन्यात पुण्यासारख्या हवेत उष्ण प्रदेशातील गवत दर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण चार लिटर पाणी हवेत सोडते असे धरले, तर आपली हिरवळ रोज सोळाशे लिटर पाण्याची वाफ करते आणि त्या कामी हजार युनिटांहून अधिक उष्णता खर्ची पडते. हीच उष्णता पेव्हर ब्लॉकवर पडली तर ब्लॉक ती दिवसभर साठवतो आणि रात्री तळमजल्याच्या खिडक्यांत परत सोडतो. गवतावरून अनवाणी चालताना पाय भाजत नाहीत याचे कारण गवताचा रंग नव्हे, ही वाफ आहे.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. हा गारवा फुकट मिळत नाही. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. रोजचे सोळाशे लिटर म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर सहा दिवसांत संपला, किंवा दरडोई १३५ लिटरच्या मापाने सुमारे बारा माणसांचे रोजचे पाणी. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले, कारण मैदानांच्या गवतावर आणि खेळपट्ट्यांवर खर्च होणारे पाणी हा वादाचा विषय झाला होता. पिण्याच्या पाण्याच्या टँकरवर जगवलेल्या हिरवळीचे समर्थन मी करणार नाही.

तेव्हा हिरवळ चांगली की वाईट, असा प्रश्न न विचारता ती कशाच्या जागी आहे आणि कोणत्या पाण्यावर आहे, असे विचारावे. पेव्हर ब्लॉकच्या तुलनेत ती निःसंशय उजवी आहे. पण कडुनिंब, करंज, बहावा अशी झाडे आणि त्यांखाली झुडपे यांच्या तुलनेत ती डावी ठरते, कारण झाड सावलीही देते आणि मूळ धरल्यानंतर त्याला रोज पाणी द्यावे लागत नाही. माझी सूचना अशी की ठरावाला दुरुस्ती सुचवावी : मुले खरोखर जेवढ्या जागेत खेळतात तेवढी हिरवळ ठेवावी, कडेची जागा झाडाझुडपांना द्यावी, आणि सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा असेल तर तिचेच पाणी गवताला द्यावे. ते फवाऱ्याने न उडवता नळीने आणि मुले खेळायला नसतील अशा वेळी द्यावे. पुन्हा लावण्याची वेळ आली तर हरळीच्याच कुळातील गवत निवडावे. रोपवाटिकांत ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळते ती हरळीचीच निवड आहे. कापताना पाती चार-पाच सेंटिमीटर राहू द्यावीत, कारण मुळांपर्यंत भादरलेल्या गवताची मुळेही उथळ राहतात.

आणखी एक गोष्ट, जी सभासदांच्या गळी उतरवणे सर्वांत कठीण जाईल. मार्च ते मे या काळात हरळीचे पाणी अगदी कमी केले तर ती पिवळी, मग तपकिरी पडते. ती मेलेली नसते; जमिनीखालची तिची खोडे जिवंत असतात आणि वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवी फूट येते. त्या काळात गारवा मिळणार नाही हे खरे, पण माती धरून ठेवण्याचे काम वाळलेले गवतही करतेच. आपल्या डोंगरांचा रंग दरवर्षी असाच बदलतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

प्रश्न : गच्चीवर आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेत कृत्रिम लॉन बसवण्याचा विचार आहे. पाणी लागत नाही, म्हणजे ती पर्यावरणाला अधिक अनुकूल नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाण्याची बचत होते एवढा एकच मुद्दा तिच्या बाजूने आहे. ती प्लास्टिकची चटई आहे. तिच्यातून वाफ होत नसल्याने उन्हाची सगळी उष्णता तिच्या पात्यांतच राहते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ साली केलेल्या मोजणीत कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचे आढळले होते, आणि सरासरीने तो शेजारच्या डांबरी पृष्ठभागापेक्षाही अधिक गरम होता. आपल्याकडे ठिकठिकाणी निघालेल्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर खेळ संध्याकाळनंतरच रंगतो, त्याचे एक कारण हेही आहे.

दुसरे असे की पाती झिजतात, आणि खेळाच्या मैदानांवर पात्यांच्या मध्ये रबराचे दाणे भरलेले असतात, ते पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जातात. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले त्यांत मैदानांत भरल्या जाणाऱ्या या दाण्यांचाही समावेश आहे. पर्याय शोधण्यासाठी आठ वर्षांची मुदत दिलेली आहे. गच्चीवर मुलांना बसायला मऊ जागा एवढीच गरज असेल, तर सावलीचे कापड आणि काथ्याची चटई पुरेशी आहे.

प्रश्न : आमचे घर डोंगरउतारावर आहे. घरामागचा मुरमाड उतार दर पावसाळ्यात थोडा थोडा वाहून येतो. तिथे लॉन लावली तर माती थांबेल का? दरड कोसळण्याचा धोकाही कमी होईल का?
— एक वाचक, पोलादपूर

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत, म्हणून ते एकमेकांत मिसळू नयेत.

वरची माती वाहून जाणे, म्हणजे धूप, गवताने नक्की कमी होते. किंबहुना धूप थांबवण्यात गवताची बरोबरी करील असे दुसरे स्वस्त साधन नाही. जोरदार पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो पडला की कण सुटे होतात, त्या कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात, पाणी मुरायचे थांबते आणि वरून वाहू लागते, मग आधी बारीक ओघळी आणि पुढे घळी पडतात. गवत या साखळीची पहिलीच कडी तोडते. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशात मुळातले गवत नांगरून टाकल्यावर दुष्काळाच्या वर्षांत तिथली माती पाण्याने नव्हे तर वाऱ्याने उडून गेली. १९३५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारला मृदसंधारणाचा कायदा करावा लागला, तो याच अनुभवानंतर.

मात्र आपल्याकडच्या उतारावर रोपवाटिकेतील नाजूक लॉन लावण्यात अर्थ नाही. ती कापायला तिथे उभे राहणार कोण? उताराला आडव्या, समपातळीच्या रेषांवर वाळ्याची रोपे वीतभर अंतराने लावावीत आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत हरळी किंवा तिथलेच रानगवत वाढू द्यावे. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात आणि अनुकूल जमिनीत तीन मीटरांपर्यंत पोचतात. लावणी जूनच्या पहिल्या पावसानंतर लगेच करावी, म्हणजे जुलैचा मुसळधार पाऊस येईपर्यंत मुळे धरतात. पहिल्या वर्षी गुरे आत येऊ देऊ नयेत.

दरडीचे मात्र तसे नाही. दरड कोसळते तेव्हा अनेक मीटर खोलीपर्यंतचा मातीचा व खडकाचा थर पाण्याने जड होऊन घसरतो आणि गवताची मुळे त्या थराच्या वरच्या भागातच असतात, त्यामुळे गवतही त्या थराबरोबर खाली येते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ऐन पावसाळ्यात गाडले गेले, म्हणजे डोंगर सर्वांत हिरवा असतो त्या दिवसांत. उतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे वा खांब कलणे, कोरड्या जागी अचानक झरा फुटणे यांपैकी काही आढळले तर गवताचा विचार सोडून तहसील कार्यालयाला कळवावे आणि पाऊस ओसरेपर्यंत मुक्काम हलवावा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानावर उन्हाळ्यात फार धूळ उडते. गवत लावल्याने ती खरेच कमी होते का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : कमी होते, कारण मुळे माती बांधून ठेवतात आणि जमिनीलगतचा वारा पात्यांमुळे मंदावतो. विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला गवत राखतात, त्यामागे हाही एक हेतू असतो. परंतु शेकडो मुलांच्या पायांखाली सोलापूरच्या पाण्यावर गवत टिकवणे अवघड आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर लाल मातीच्या धुळीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे आणि तिथे मुंबईसारखी महापालिका पाठीशी आहे, हे लक्षात घ्यावे. आपण मैदानाचा मधला भाग खेळासाठी तसाच ठेवून चारी बाजूंना पाच-सहा मीटर रुंदीचा गवताचा पट्टा आणि वाऱ्याच्या दिशेला झाडांची रांग करावी. निम्मे काम तेवढ्याने होईल.

प्रश्न : इथे प्रत्येक घरापुढे मोठी लॉन असते आणि ती ‘कार्बन शोषून घेते’ असे आम्हांला सांगितले जाते. दर आठवड्याला पेट्रोलचे यंत्र फिरवताना मला त्यावर विश्वास ठेवणे जड जाते.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण दावाही सर्वस्वी चुकीचा नाही. गवताची मुळे दरवर्षी मरतात आणि नवी येतात. मेलेल्या मुळांतील काही कार्बन मातीत टिकून राहतो. कोलोरॅडोतील गोल्फच्या मैदानांच्या जुन्या मातीचाचण्यांवरून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा वेग हेक्टरी वर्षाला सुमारे एक टन कार्बन इतका आढळला, तोही पहिली २५ ते ३० वर्षे. पुढे माती भरत येते आणि वेग मंदावतो. हाच आकडा आपल्या ४०० चौरस मीटरच्या अंगणाला लावला तर वर्षाला ४० किलो कार्बन, म्हणजे सुमारे १४७ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा ६४ लिटर पेट्रोलमध्ये ही सगळी कमाई संपते. कापणीच्या यंत्राला वर्षभरात एवढे पेट्रोल लागणार नाही, परंतु नत्रखताच्या निर्मितीत जळणारे इंधन आणि ते खत मातीत पडल्यावर निघणारा नायट्रस ऑक्साइड यांचाही हिशेब करावा लागतो. हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक प्रभावी आहे. म्हणून शिल्लक उरते की तूट येते, हे गवतापेक्षा गवताच्या मालकावर अवलंबून असते.

प्रश्न लहान नाही. उपग्रहांच्या चित्रांच्या आधारे २००५ साली मांडलेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेत लॉनखाली सुमारे एक लाख चौसष्ट हजार चौरस किलोमीटर जमीन होती. आपल्या वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगतो, हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते.

आपण तीन गोष्टी कराव्यात. कापलेली पाती पिशव्यांत भरून बाहेर ठेवू नयेत, ती तिथेच पडू द्यावीत. गवताच्या नत्राच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा त्यांतूनच भागतो. आपल्याकडची केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू ही थंड हवेची गवते तीन इंचांपेक्षा खाली कापू नयेत. आणि खत आपल्या राज्याच्या २०११ च्या कायद्याप्रमाणेच द्यावे : १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात ते घालण्यास मनाई आहे, जोराच्या पावसाआधी घालायचे नाही, आणि मातीची तपासणी केल्याशिवाय स्फुरद तर मुळीच नाही. नद्या-खाड्यांत शेवाळ माजते ते या वाहून गेलेल्या खतांनी, म्हणून हा कायदा झाला.

प्रश्न : आम्ही हरळी, कुंदा आणि लव्हाळा काढता काढता आयुष्य घालवले आणि शहरातले लोक हरळी पैसे देऊन लावतात, हे वाचून हसू आले. तिचे एवढे गुण असतील तर ती बांधावर तरी राहू द्यावी का?
— एक शेतकरी, मानवत, जि. परभणी

उत्तर : ज्या गुणांमुळे ती शहरात हवी असते त्याच गुणांमुळे ती आपल्याला नको असते. तुडवली तरी मरत नाही, जमिनीवर आणि जमिनीखाली दोन्हीकडून धावते, आणि कडक उन्हातही आपले अन्न कमी पाण्यात तयार करते. शिवाय गणपतीला दूर्वा म्हणून तिचा मान आहे तो वेगळाच.

बांधाची माती ती उत्तम धरते यात शंका नाही, परंतु काळ्या जमिनीत ती बांधावर थांबणार नाही. दोन हंगामांत पिकात शिरेल. बांधासाठी मारवेल किंवा पवना लावावे. ही झुपक्याने वाढणारी गवते आहेत, आपल्या माळरानांवरचीच आहेत, जनावरे ती आवडीने खातात आणि त्यांचा उपद्रव पिकाला होत नाही. ज्या बांधावर हरळी आधीच आहे तिथे ती उकरायला जाऊ नये, कारण ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बांध मोकळा होईल. केवळ शेताच्या बाजूने एक नांगराचे तास खोल ठेवून तिची धाव तोडत राहावी. आणि शेतातून वेचलेली हरळी हिरवी असताना बांधाला ढीग लावून ठेवू नये. तिच्या एका पेरापासूनही नवे रोप फुटते, तेव्हा ती उन्हात कडकडीत वाळवूनच खड्ड्यात टाकावी.